खडूच्या वर्तुळातल्या बाई

लॉकडाऊनमध्ये कोथरूडच्या औषधाच्या दुकानासमोर खडूनं वर्तुळं आखली होती. एका वर्तुळात दोन मास्क लावून मी, पुढच्यात एक बाई, हवेतल्या कुणाला तरी हातानं गप्प करणाऱ्या. मी बघतोय हे त्यांनी हेरलं.

"स्किझोफ्रेनिया आहे. कानात आवाज येतात. घाबरू नका, अंतर आहेच आपल्यात."

"काय म्हणतात?"

"बाहेर पडू नकोस, मरशील. आता टीव्हीही तेच म्हणतो."

"मग आलात कशा?"

"अहो, गोळ्या संपल्या की ते जिंकतात. आणि घाबरूनही घराबाहेर पडायची मला कित्येक वर्षांची सवय आहे. तुम्ही सगळे नवीन आहात."

गोळ्यांचं पाकीट मिळताच त्यांनी ते कानाशी नेऊन जोरात हलवलं. आवाजांना ऐकवत होत्या बहुतेक. मग रिकाम्या रस्त्याच्या मधोमध, ताठ मानेनं निघाल्या.

मी त्यांच्या वर्तुळात पाऊल ठेवलं.