शालूची पावडर

बेबीनंदाचं लग्नच उशिरा झालं. वडील गेल्यावर धाकट्या भावंडांचं उरकण्यात वयाची अडतीस वर्षं निघून गेली. मग परतूरचा संघपाल भेटला. चाळिशी उलटली तरी मूल नव्हतं. जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून फॉलिक ॲसिडची गोळी दिली आणि बजावलं, "बाकी काही घ्यायचं तर आधी मला विचारा."

पण नणंद शालू कसल्याशा कंपनीची पावडर विकायची. "वहिनी, ही घे. चाळिशीतबी बराबर राहतंय." सोबत माशाच्या तेलाच्या कॅप्सूल.

पावडर पाण्यात कालवली की ओल्या पोत्याचा वास यायचा, त्यावर खोटा व्हॅनिला. लघवी हळदीसारखी पिवळी व्हायची. बेबीनंदा ब्लाउज शिवायची. माप घेताना माशाची ढेकर आली की तोंड फिरवून घ्यायची.

"सोसत न्हाई तर सोड की," संघपाल म्हणाला. सोडवेना. तिलाही आशा होतीच.

एकदा शालूने तिला जालन्यात कंपनीच्या मेळाव्याला नेलं आणि न विचारता स्टेजवर चढवलं. "ही माझी वहिनी! आता गोड बातमी दूर न्हाई!" सगळ्यांसमोर हातात पावडरीचा ग्लास दिला. समोरच्या सगळ्या नजरा पोटावर. एक घोट गेला आणि बेबीनंदा भडाभडा ओकली, गालिच्यावर, शालूच्या चपलांवर.

मग टाळ्या. "बातमी आली!" कुणी ओरडलं. एका अनोळखी बाईने येऊन तिच्या पोटावर हात ठेवला. शालूही टाळ्या वाजवत होती. सकाळीच स्टेशनवर बेबीनंदाने तिच्याकडून पॅड मागून घेतलं होतं, तरीही.

बेबीनंदाने माईक ओढला. "माझी पाळी आलीय आज. ही उलटी तुमच्या पावडरीची हाय."

ती बाहेर नळावर चूळ भरत होती, तर शालू मागे आली. "माझी इज्जत घालवलीस, वहिनी."

"माझं पोट म्हंजे तुझं दुकान हाय का गं?"

घरी आल्यावर संघपालने डबे गटारीत रिकामे केले. बेबीनंदा आता डॉक्टरीणबाईंची गोळी तेवढी घेते. अजून दिवस राहिलेले नाहीत.

परवा गोजरबाई ब्लाउज शिवून घ्यायला आल्या आणि पेढे मागू लागल्या. त्यांच्या मोबाईलवर कंपनीच्या जाहिरातीचा फोटो आला होता: स्टेजवरची बेबीनंदा, पोटावर त्या बाईचा हात, खाली पावडरीचा डबा. बेबीनंदाने मोबाईल त्यांच्या हातातून घेऊन पालथा ठेवला.

"हात वर करा," ती म्हणाली, आणि टेप त्यांच्या छातीभोवती धरला.