मार्था ‘धर’ म्हणाली होती

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही, मुलीलाही नाही. आणि मी काही गप्प बसणारी बाई नव्हे — लंडनच्या कडेला, आमच्या पिनरमधल्या अर्ध्या मराठी घरांतली भांडणं उरलेल्या अर्ध्यांना माझ्यामुळेच कळतात. पण ही एक गोष्ट ओठांवर आली, की मी चहा टाकायला उठते.

मार्थाची गोष्ट. आम्ही दोघी एकदमच इथे नर्सिंगला आलो. ती नगरकडची ख्रिस्ती, मी पुण्याची. मी तेव्हा काय होते? उंच टाचा, त्याहून उंच नाक, आणि डोकं — ते जेमतेम. ती प्रार्थनेला बसली की मी मुद्दाम रेडिओ लावायचे. ती डोळे न उघडता म्हणायची, “लाव गं, त्यालाही गाणी आवडतात.”

पुढे तिने डेव्हिडशी लग्न केलं. इंग्लंड संपून वेल्स सुरू होतं, तिथल्या उघड्या डोंगरावर त्याच्या मेंढ्या होत्या. हाक मारली तर ऐकू जाईल असं एकही घर नाही. बर्फात वाट बंद व्हायची, आणि ही बाई साडीवर त्याचा जुना कोट चढवून मेंढ्यांची बाळंतपणं करायची, रविवारी खालच्या चॅपेलमध्ये पोरांना स्तोत्रं शिकवायची.

चॅपेल बॅप्टिस्ट पंथाचं. त्यांच्यात मोठेपणी, अख्खं पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. मार्था दुष्काळी गावातली, कमरेएवढ्या पाण्यात कधी उतरलेली नाही. चॅपेलमागच्या ओढ्यात पास्टरने तिला मागे झुकवलं, तेव्हा मी काठावर गॉगल लावून उभी होते. बाहेर आली ती दात वाजवत, आणि माझ्या कानात म्हणाली, “खाली प्रभू काही दिसला नाही गं. पास्टरचा हात होता म्हणून वर आले.” मग आपणच हसली. ते मी सगळ्या वॉर्डाला रंगवून सांगितलं.

हे लक्षात ठेवा. ‘धरणं’ म्हणजे तिच्या लेखी काय होतं, ते मला माहीत होतं.

बऱ्याच वर्षांनी तिच्या डोक्यात गाठ निघाली. शेवटी शेवटी तिचं इंग्रजी पुसलं गेलं, नुसतं मराठी उरलं. डेव्हिडचा फोन आला — ती सारखी काहीतरी बोलतेय, मला कळत नाही, तू ये. मी गेले. दुपारची वेळ होती. पुढच्या खोलीत तिची कॉट, एका बाजूला डेव्हिड, एका बाजूला पास्टर. मला बघून तिने हात पुढे केला.

“धर. मला धर गं. बुडतेय मी.”

तिचे डोळे — नाही, डोळ्यांचं नाही लिहीत. डेव्हिडने विचारलं, काय म्हणतेय ती? आणि मी त्याला इंग्रजीत सांगितलं, “प्रभूने मला धरलंय, असं म्हणतेय.”

पास्टरने डोळे मिटले. डेव्हिड रडायला लागला — सुटल्यासारखा. ती पुन्हा म्हणाली, “धर.” ते दोघे म्हणाले, आमेन. ती म्हणाली, “धर ना.” आमेन.

मी काय केलं? मी म्हटलं, चहा करते. स्वयंपाकघरात जाऊन किटली लावली. भिंतीपलीकडून तिचा आवाज येत होता. पाणी उकळायच्या आधी तो थांबला.

डेव्हिडला बरं वाटावं म्हणून मी तसं बोलले, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खोटं आहे ते. हात धरायला कुठलं भाषांतर लागतं? अनोळखी म्हाताऱ्यांचे हात मी नोकरीभर धरले. पण ही माझ्या वयाची होती, माझ्या भाषेत घाबरत होती. वाटलं, धरला तर मलाही घेऊन जाईल. मी तिला नाही, स्वतःला वाचवलं.

त्या वाक्यावर पास्टरने प्रवचन दिलं. ते तिच्या थडग्याच्या दगडावर कोरलं आहे, तिचे शेवटचे शब्द म्हणून. डेव्हिड त्यावर विश्वास ठेवून गेला. आता तोही तिच्या शेजारीच आहे.

गेल्या महिन्यात मला छोटासा स्ट्रोक आला. बाकी सगळं परत आलं, पण दिवसभर इंग्रजी सापडेना. नर्ससमोर नुसती “चमचा, चमचा” करत बसले. नात धावत आली, हात धरून म्हणाली, “आजी, तू काय मागतो? मला नाही समजला.” मी हसले. तिच्या मराठीला मी नेहमीच हसते. मग लक्षात आलं. उद्या कॉटशेजारी हीच असेल. डॉक्टर तिला विचारतील, काय म्हणतायत? ती काहीतरी सांगेल. बरंच सांगेल, गोड पोर आहे.

आणि मी काय म्हणत असेन, ते मला आत्ताच माहीत आहे.

डोंगरावरचा तो दगड अजून स्वच्छ आहे म्हणतात. त्यावरचं वाक्य माझं आहे. मार्था ‘धर’ म्हणाली होती.