आईच्या हातातला शॉवर

खुब्याचं हाड मोडल्यापासून आईला मीच आंघोळ घालत होते. ती स्टुलावर बसायची, मी मगाने पाणी ओतायचे आणि शेवटी दोघीही सारख्याच भिजायचो. बाथरूम नव्याने करायचं ठरलं, तेव्हा मी सक्करदऱ्याच्या दुकानातून ताटाएवढा गोल शॉवर घेऊन आले. आई त्याच्याखाली बसली की काम झालं, असा माझा हिशेब.

प्लंबर म्हणाला, "ताई, टाकी याच छतावर हाय, उंची काहीच नाई. एवढ्या मोठ्या शॉवरले जोर कुठून येईन? अन् मे महिन्यात दुपारी कढत पाणी थेट टाळूवर पडन."

मला रागच आला. दुकानदाराशी अर्धा तास डोकं लावून तो निवडला होता.

तेवढ्यात खाटेवरून आई म्हणाली, "मले रोज डोक्यावरून पाणी काहून पाहिजे वं? डोकं तर मी शुक्रवारीच धुते."

दर शुक्रवारी तिच्या केसांना शिकेकाई लावणारी मीच, आणि हे मलाच सुचलं नव्हतं. गोल शॉवर परत गेला. त्याच्या जागी लांब नळीचा हँड शॉवर आला. त्याचा हुक स्टुलावर बसून हात पुरेल इतका खाली लावून घेतला.

पहिल्या दिवशी मी सवयीने सलवार वर खोचून आत गेले. आईने शॉवर हातात घेतला, पाणी पायावर सोडून पाहिलं आणि म्हणाली, "जाय तू. दार लोटून घे."

मी टॉवेल घेऊन बाहेर उभी राहिले. आत पाणी पडत होतं. कितीतरी महिन्यांनी माझे कपडे कोरडे होते.