ट्यूबची पट्टी

भाचीच्या साखरपुड्याची अंगठी माझ्याच खिशात होती, आणि अड्याळच्या अलीकडे गाडीच्या बॉनेटमधून वाफ निघायला लागली. मला गाडीतलं काही कळत नाही, पण अशा वेळी हात शिवशिवतात. रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच मागून आवाज आला, “नका उघडू भाऊ! आंदर पानी उकळून राहिलं!”

सायकलच्या कॅरिअरवर ट्यूबच्या पट्टीनं गवताचा भारा बांधलेला एक साठीचा माणूस थांबला होता. सायकल झाडाला टेकवून तो सावलीत बसला, मलाही बसवलं. त्याला अंगठीचं सांगितलं, तरी मी घड्याळ बघितलं की हसायचा. “मले पाहा. हाये का काही घाई?”

बऱ्याच वेळानं त्यानं बॉनेटवर तळवा ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग मला डबा घेऊन बोडीवर, जवळच्या लहानशा तळ्यावर, पाण्याला पिटाळलं. परत आलो तर रेडिएटरच्या फाटक्या पाइपावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून, घट्ट गुंडाळून झाली होती. पाणी त्यानं आपल्या दुपट्ट्यातून गाळून ओतलं. “गाळ गेला त जाळी बुजते.”

मी पैसे द्यायला खिशात हात घातला, तर म्हणाला, “अंगठी पोचवा पयले. झाकन जरा ढिल्लंच ठेवा, वाफेचा दाब आला त पट्टी सुटन.”

निघालो. आरशात पाहिलं, तर तो सायकलवर बसलाच नव्हता. एका हातात हँडल धरून, दुसऱ्या हातानं सुटा भारा सावरत, मजेत पायी चालला होता.