आक्काचा शनी आणि नानांचा खटका

दुर्बीण घेऊन चार माणसं आकाश बघायला जमली की आकाश थोडं दिसतं आणि किस्से भरपूर होतात. आमच्या आचऱ्याच्या मंडळाकडे इतके साठलेत, की त्यापेक्षा तारे मोजणं सोपं!

मंडळाचे प्रमुख रिटायर्ड नानामास्तर. जन्मभर त्यांनी शाळेत शनीची कडी शिकवली आणि त्यांची थोरली बहीण आक्का गावभर सांगत सुटली, "शनीक कडी-बिडी काय नाय. नान्याची थाप आसा ती!" कारण आक्का आली, की शनी ढगात. नानांना हे फार लागायचं.

*

खरा घोळ फाइंडरचा. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवरची ही छोटी दुर्बीण. आधी हिच्यात तारा धरायचा, मग मोठीतून बघायचा. पण स्कूटरवरून नेताना ती काढावी लागे, आणि पोचल्यावर स्क्रू पिळून पुन्हा जुळवावी लागे. तोवर ढग हजर!

एकदा देवळासमोरच्या वाळूत स्क्रूच पडला. सगळं मंडळ टॉर्च घेऊन ओणवं. शेवटी नानांची बायको, म्हणजे आमच्या काकी, ओरडल्या, "स्क्रू नाय, पण माजी जत्रेत हरवलेली कानातली कुडी गावली!"

त्या दिवसापासून काकी आमच्या सर्वांत उत्साही सभासद.

*

एकदा वालावल गावात फाइंडर घाईत वाकडा बसला. त्यात चंद्र मधोमध, आणि मोठ्या दुर्बिणीत शेजारचा माड! पहिला नंबर नेमका आक्काचा.

"नान्या, चंद्रार नारळ धरलेत रे! माज्याच माडाक कित्या नाय?"

*

मग नानांनी क्विक-रिलीज क्लॅम्प मागवला. बैठक दुर्बिणीवर कायमची, फाइंडर सरकवला की खट्! जुळवाजुळव बिघडत नाही. नाना दिवसभर डोळे मिटून प्रॅक्टिस करायचे. काढ, लाव, खट्!

काकींनी स्वयंपाकघरातून ऐकवलं, "ह्या वेगान कधी गॅसचो रेग्युलेटर बसवलात तर बरा!"

*

आणि परवाची संध्याकाळ. गावच्या पटांगणात सगळे जमलेले, आक्का खुर्चीवर. नेमकी सर आली. नानांनी फाइंडर काढून खिशात घातला, दुर्बिणीवर प्लास्टिक टाकलं. आक्का उठलीच, काकींना म्हणाली, "चल गो, घराक जावया. ह्येचो शनी काय दिसूचो नाय."

नानांचा चेहरा बघवेना. तेव्हा आमच्यातल्या भाऊंनी हात जोडून, देवळात घालतात तसं सरळ गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो ढग बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागणीला सगळ्यांनी द्यायचा तो होकार आम्ही ओरडून दिला. आणि ढग खरंच फाटला!

प्लास्टिक उडालं. खट्! नानांनी फाइंडरमध्ये शनी धरला. "आक्का, लाव डोळो!"

आक्का वाकली. तिकडे दुसरा ढग सरकत येत होता. भाऊंचं चालूच, "आणि आमच्या नानांचो शब्द खरो कर रे म्हाराजा!"

आम्ही सगळे आक्काकडे बघण्यात गुंतलेले. 'व्हय' म्हणायचं राहूनच गेलं.

डोळा न काढता आक्काच ओरडली, "व्हय म्हाराजा!"