जागेचा मुद्दा

सासूबाईंच्या शेळ्या माझ्या बडबडीमुळे गेल्या. बायकोला हे पटत नाही. "प्रकल्प काय तुम्ही आणलात?" असं ती विचारते. मी आणला नाही, हे खरं आहे. पण तो आला तेव्हा त्याची वकिली करायला मीच बसलो होतो, तेही जेवणाच्या पाटावर.

मी नाशकात एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. अणुकेंद्राचा धडा आला की कुणीतरी विचारतंच, "सर, अणुऊर्जा चांगली की सोलर?" मग मी फळ्यावर मधोमध रेघ मारतो. अणुऊर्जेच्या बाजूला लिहितो: इंधन मूठभर, वीज रात्रंदिवस, धूर नाही, जागा कमी. त्याच बाजूला खाली: कचरा हजारो वर्षं सांभाळायचा, उभारायला फार वेळ, अपघाताची धास्ती. सोलरच्या बाजूला लिहितो: इंधन फुकट, कचरा कमी, उभारणी झटपट. आणि खाली: सूर्य मावळला की वीज मावळली, साठवायची तर बॅटऱ्या हव्यात, आणि जागा भरपूर लागते. हा जागेचा मुद्दा मी पोरांकडून दोनदा वदवून घेतो, कारण परीक्षेत नेमका तोच लिहायचा राहतो. मनातून माझा कल अणुऊर्जेकडे आहे, पण वर्गात मी तो दिसू देत नाही. निःपक्षपातीपणाचा मला जरा गर्वच आहे, म्हणजे होता.

माझी सासुरवाडी नामपूरजवळच्या एका खेड्यात. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. शेत मेहुणा बघतो. शेळ्या मात्र सासूबाईंच्या स्वतःच्या होत्या. गावामागच्या गायरानाच्या माळावर त्या रोज शेळ्या घेऊन जायच्या. कुणापुढे हात पसरायचा नाही हा त्यांचा बाणा, आणि तो शेळ्यांच्या जिवावर टिकलेला होता. हे मला लग्नापासून माहीत होतं, तेव्हा ठाऊक नव्हतं असंही म्हणायची सोय नाही.

मागच्या अधिक महिन्यात आम्ही धोंड्याला गेलो होतो. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि अनारशांबरोबर दिव्याचं वाण द्यायचं, ही रीत. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. एरवी कॉलेजात शिपाईसुद्धा माझं ऐकत नाही, त्यामुळे नारायण व्हायला मी जरा उत्सुकच असतो.

मी जेवत असतानाच गावातली चार वडीलधारी माणसं ओट्यावर येऊन बसली. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. गायरानावर सौर प्रकल्प येणार होता, आणि त्याच्या काचेच्या पाट्यांमुळे पाऊस पळतो, पिकं करपतात, अशी आवई उठली होती.

"जवाई, तुम्ही शिकेल शेतस," एकजण म्हणाले. "तुम्ही सांगा, खरं काय शे?"

आवई खोटी होती. तेवढं सांगून मी गप्प बसायला हवं होतं. पण ताटात तूप होतं आणि समोर ऐकणारे होते. मी अणुऊर्जेवर घसरलो. तिचा कचरा, तिची धास्ती, तिची वर्षानुवर्षं रखडणारी बांधकामं, एकेक मुद्दा रंगवून सांगितला. त्या गावात अणुभट्टी आणायला कुणीही निघालं नव्हतं, तरी मी तिला पार आडवी केली. मंडळी माना डोलावत होती आणि मला चेव येत होता.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "जागा कितली लागस?"

नेमका तोच मुद्दा. पोरांकडून मी दोनदा वदवून घेतो तो. आणि मी म्हणालो, "जागेचं काय एवढं! तो पडीक माळ आहे ना, त्यावर बसेल सगळं. तिथे काटेरी झुडपांशिवाय आहे काय?" मंडळी हसली. सासूबाई आत गेल्या आणि तुपाची वाटी घेऊन आल्या. माझ्या धोंड्यावर त्यांनी आणखी तूप वाढलं.

दुसऱ्या दिवशी शेळ्यावाल्या दोन-तीन बायकांनी सभेत कुरकुर केली. "नाशिकच्या जवाईंनी सांगितलंय" एवढ्यावर ती मिटली. सासूबाई सभेला गेल्याच नाहीत. गेल्या असत्या तर जावयाच्या विरोधात हात वर करावा लागला असता.

प्रकल्प झाला. गावाचं भलंही झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पूर्वी कांद्याला रात्री पाणी भरायला जावं लागायचं, बिबट्याची भीती, विंचूकाट्याची भीती. आता प्रकल्पाची वीज दिवसा मिळते, म्हणून मेहुणा दिवसाउजेडी पाणी भरतो आणि रात्री घरात झोपतो. तो मला भेटला की अजून आभार मानतो. त्याचे आभार ऐकताना मला कुठे बघावं ते कळत नाही.

यंदा पुन्हा अधिक महिना आला आणि आम्ही पुन्हा गेलो. परसात शेळ्यांचा गोठा होता, तिथे सरपण रचलेलं. माळाला तारेचं कुंपण, आत पाट्यांच्या रांगा. मी सासूबाईंना विचारलं, "आई, शेळ्या?"

"इकी टाक्यात," त्या पीठ मळता मळता म्हणाल्या. "रानच नही राह्यनं, चारू कोठे?"

मी म्हणालो, "तुम्ही जागेचं विचारलं होतं. मी उडवून लावलं. तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि तेच जास्त लागलं. "चार लोकसमा जवाईना शबुद कसा खाले पाडाना?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पिठाकडे वळल्या.

जेवणं झाली. त्यांनी मला ओवाळलं आणि अनारशांच्या ताटात वाण ठेवून दिलं. दर खेपेला पितळेचा दिवा असायचा. यंदा चांदीचं निरांजन होतं, चांगलं जड. मी हरखून म्हणालो, "एवढं कशाला, आई?" त्या नुसत्या हसल्या.

परतताना गाडीत बायको म्हणाली, "शेळ्यांच्या पैशातून घेतलंय ते. मी नको म्हणत होते. आई म्हणाली, जवाईच्या हुशारीनं गावात उजेड झाला, त्यांना पितळेचा दिवा कसा द्यायचा?"

परत करू या, असं मी म्हणालो. वाण परत करत नाहीत, असं ती म्हणाली. खरंच करत नाहीत.

आता इंदिरानगरच्या आमच्या घरात ते रोज संध्याकाळी लागतं. मी त्या वेळेला काहीतरी काम काढून गच्चीवर जातो. परवा बारावीच्या नव्या वर्गात एका मुलीने तोच प्रश्न विचारला. मी फळ्यावर रेघ मारली आणि सोलरच्या बाजूला सगळ्यात आधी जागा लिहिली. ती म्हणाली, "पण सर, पडीक माळ तर कितीतरी आहेत." मी म्हणालो, "त्यावर आज कोण चरतंय ते आधी बघायचं." वर्ग हसला. त्यांना वाटलं सर विनोद करतायत.

त्याच संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. बायको बोलत होती. मग तिने फोनवर हात ठेवून मला विचारलं, "आई विचारतेय, जवाईले दिवा आवडना का?"

निरांजन समोरच तेवत होतं. काय बोलावं हे मी तीन वर्षांपूर्वी शिकायला हवं होतं.

"सांग," मी म्हणालो, "फार आवडला."