तलवारवालीची पिशवी

आमच्या गल्लीत माझ्या बायकोला तलवारवाली काकू म्हणायचे. गुडघे धरलेली, जिना चढताना तीनदा टेकणारी बाई संगणकापुढं बसली की राक्षसाचं मुंडकं उडवायची. मी चौथी शिकलेला माणूस, वाळूजच्या कारखान्यात लेथवर हयात घालवली. लिहिणं माझं काम नाय. पण ती गेली तेव्हापासून येणारा-जाणारा म्हणतो, "फार सोशिक होती." कसली सोशिक? तीन ड्रॅगन मारलेत तिनं.

पोरगा नोकरीला पुण्याला गेला आणि जुना संगणक घरी सोडून गेला. त्यात त्या खेळाचा पहिला भाग होता. लढणारं माणूस अंगठ्याएवढं, नाक ना डोळे. बाई की गडी तेही कळत नव्हतं. हिनं सांगून टाकलं, बाई हाय. खेळात नकाशा नव्हता, म्हणून ही कॅलेंडरच्या पाठीवर स्वतः काढायची; विहीर कुठं, लांडगे कुठं, लबाड दुकानदार कुठं. मी म्हणालो, "फुलंब्रीला माहेरी जाताना रस्ता चुकतेस, इथं बरा सापडतो?"

"माहेरी जाताना तुम्ही सोबत असता," म्हणाली.

पुढचे भाग वर्षं मधे टाकून येत गेले. पोरगा सुट्टीत आला की बसवून द्यायचा. या खेळाची एक रीत चांगली होती, आपली बाई एका भागातून पुढच्या भागात नेता यायची, अंगावरच्या वणांसकट. दुसऱ्या भागात त्या बाईला चेहरा आला, तर हिनं दोन दिवस नुसतं नाक ठरवण्यात घालवले. तिसऱ्यात घोडा आला, बोलणारे सोबती आले. चौथ्यात तर नजर जाईल तिथवर मुलूख, आणि वाट दाखवायला वर एक सोनेरी बाण. तो बाण हिला लई खटकला. "बाणाच्या मागंच जायचं तर रिक्षानं जाते की," म्हणाली आणि पोराला फोन करून तो बंद करून घेतला.

तिसऱ्या भागात एखाद्या सोबत्याला निरोप द्यायचा तर एक बटण दाबलं की झालं. हिचं तसं नव्हतं. जाणारी बाई असली की ही आधी तिच्या पिशवीत गहू, फळं आणि एक हिरवं कापड घालायची. ओटीच भरायची म्हणा ना. "लेकीबाळी रिकाम्या हातानं जात नसतात."

मी म्हणायचो, "अगं, ती खरी हाय का?"

"मग खोट्याच्या मधे तुम्ही कशाला बोलता?"

त्या खेळात पिशवीला वजनाची हद्द असते. जास्त भरली की माणसाला पळता येत नाय. अशा वेळी ही सोनं फेकायची, दाणा नाय. मला चिडून म्हणायची, "सोनं काय खायचंय का?"

चौथा भाग संपत आला आणि हिला दवाखान्यात न्यावं लागलं. खेळातली बाई शेवटच्या ड्रॅगनच्या दारापर्यंत पोचली होती. सलाईन लावलेल्या हातानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं दागिन्यांचं काही सांगती. म्हणाली, "अवो, ती दारात उभी हाय. तिला तशी उभी ठेवू नका." मी व्हय म्हणालो. मला तोवर त्यातली घोड्यावरून उतरायची कळसुद्धा ठाऊक नव्हती.

ती सवाष्ण गेली. बायांनी तिची ओटी भरली. भावजयीनं विचारलं, "भाऊजी, तुम्हाला काही घालायचंय का?" मी खांबासारखा उभा राहिलो. हात उचललाच नाय. ते आजवर टोचतं.

महिन्यानं संगणक लावला, कळा पोराला फोनवर विचारून शिकलो. तलवारवाली खरंच दारात उभी होती, तेच दोन दिवसांचं नाक घेऊन. लढायच्या आधी मी तिला मागं गावात नेलं आणि पिशवी भरली. गहू, सफरचंदं, हिरवं कापड, दुखण्यावरच्या बाटल्या, परत गहू. लेथवर सुतासुताच्या मापाचा हिशेब सांभाळणारा मी, इथं मला अंदाजच राहिला नाय. बाई जागची पळेना. चालायची तीसुद्धा कशी, तर आमच्या जिन्यावर चालायची तशी. मी एकटाच बसून लई दिवसांनी हसलो.

मग सोनं टाकलं. दोन तलवारी टाकल्या, चिलखत टाकलं. गव्हाला हात लावला नाय. तसाच तिला घेऊन दारातून आत गेलो.

ड्रॅगननं पहिल्याच फुंकरीत जाळली. आजवर किती वेळा मेली ते मोजलं नाय. मेली की परत दारात उभी राहते, आणि पिशवीत गहू तसाच असतो. पोरगा फोनवर म्हणतो, "बाबा, खेळ सोपा करता येतो. एक बटण आहे. करून देऊ का?"

मी नको म्हणालो. ती कधी सोपं करून खेळली नाय. शब्द दिलाय, तिला आत नेणार. रोज चहा झाला की बसतो आणि रोज हरतो. पण खरं सांगायचं तर मला तेवढी घाई नाय.